व्हॉट्सॲपवरचे प्रकट वाचन

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा माझ्या चौथीच्या वर्गासाठी मी पालकांचा व्हॉट्सॲप गट तयार केला आणि सुरुवातीला त्यावर केवळ स्वाध्यायांची छायाचित्रे पाठवत राहिले. मुले एकमेकांची उत्तरे उतरवून काढत; शिकणे त्यात फारसे नव्हते. खरा उपयोग कळला तो आवाजी संदेशांमुळे. रोज एका उताऱ्याचे प्रकट वाचन ध्वनिमुद्रित करून पाठवायला सांगितल्यावर, एरवी वर्गात मान खाली घालून बसणारी एक मुलगी गोठ्याशेजारी उभी राहून, मागे म्हैस रेकत असताना, खणखणीत आवाजात वाचू लागली. कोण जोडाक्षरापाशी अडखळते, कोण विरामचिन्हे गिळते, हे मला निवांतपणे पुन्हापुन्हा ऐकता येई. (‘पाणी’ऐवजी ‘पानी’ ऐकू आले, तर ती घरची बोली आहे, चूक नव्हे, असे मी आजही मानते.)

तेरा वर्षांखालील मुलांना स्वतःचे खाते उघडता येत नाही, म्हणून फोन पालकांचाच असतो आणि तो संध्याकाळी शेतावरून घरी येतो. त्यामुळे वाचन पाठवण्याची मुदत मी दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेपर्यंत ठेवते. मुलांचे आवाज मात्र गटाबाहेर कधीही जाऊ देत नाही.