लहान ऑक्सिजन सिलिंडर परवडेल अशा खर्चात कसा भरून घ्यावा

सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने सिलिंडरमधील वैद्यकीय ऑक्सिजनसाठी भरणा केंद्रावरचा कमाल दर सहा महिन्यांकरिता ठरवून दिला होता. तो एका घनमीटरला २५ रुपये ७१ पैसे होता आणि त्यात जीएसटी व वाहतूक धरलेली नव्हती. घरी वापरतात त्या दहा लिटर पाणीक्षमतेच्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण दीड घनमीटर, म्हणजे दीड हजार लिटर, वायू दाबून भरलेला असतो. म्हणजे त्या दराने एका सिलिंडरातील प्राणवायूची किंमत चाळीस रुपयांच्याही आत होती. त्यानंतर दर बदलले असतील असे धरले, तरी गुहागर, राजापूर किंवा देवगड तालुक्यातील एखाद्या वाडीत भरलेला सिलिंडर दाराशी येईपर्यंत जी रक्कम मोजावी लागते तिच्याशी या आकड्याचा मेळ बसत नाही. मधला सगळा खर्च टेम्पोचा, घाटरस्त्याचा, भाड्याचा आणि अनामत रकमेचा असतो. म्हणून खर्च कमी करायचा असेल तर वायूच्या दरावर घासाघीस करण्यापेक्षा सिलिंडरच्या फेऱ्या कमी कशा होतील याचा विचार केला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

माझ्या थोरल्या काकूंनी आयुष्यात कधी विडीला हात लावला नाही, पण चुलीच्या धुरात त्यांचा जन्म गेला आणि आता त्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, आहे. रक्तातील ऑक्सिजन सतत फार कमी राहणाऱ्या अशा रुग्णांनी दिवसातून किमान पंधरा तास ऑक्सिजन घेतल्यास त्यांचे आयुष्य वाढते, हे १९८० आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवून दिले आहे. मिनिटाला दोन लिटर या प्रवाहाने पंधरा तासांचे अठराशे लिटर होतात, म्हणजे रोज एका बी टाइप सिलिंडरहून अधिक आणि महिन्याला छत्तीस सिलिंडर. एवढे सिलिंडर खेड्यात आणणे कोणत्याही कुटुंबाला परवडणारे नाही. त्यामुळे रोजच्या वापरासाठी कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढणारे विजेवरचे यंत्र, घ्यावा. मिनिटाला पाच लिटर देणारे यंत्र साधारण साडेतीनशे वॅट वीज घेते, म्हणजे पंधरा तासांना सुमारे पाच युनिट लागतात. सिलिंडर दोनच प्रसंगांसाठी राखून ठेवावा, एक म्हणजे वीज गेल्यावर आणि दुसरा म्हणजे रुग्णाला घराबाहेर न्यायचे असेल तेव्हा. पहिला प्रसंग आपल्याकडे किती लांबू शकतो, हे ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंतच्या लोकांनी अनुभवले आहे. तेव्हा कित्येक गावांत आठवडे उलटले तरी वीज आलेली नव्हती.

सिलिंडर विकत घेण्याआधी तो भरणार कोण, हे विचारून घ्यावे. दुकानात किंवा ऑनलाइन मिळणारा दीड-पावणेदोन लिटरचा अॅल्युमिनियमचा सिलिंडर हलका असतो, खांद्यावरच्या पिशवीत मावतो आणि पाहताक्षणी आवडतो. मात्र त्याला पिन इंडेक्सची झडप असते, बी टाइपला आणि त्याहून मोठ्या डी टाइपला बहुधा बुलनोज झडप असते, आणि दोन्हींच्या जोडण्या वेगळ्या आहेत. ज्या केंद्रात दिवसभर मोठे सिलिंडर भरले जातात तिथे एकट्या लहान सिलिंडरसाठी वेगळी जोडणी लावायला लोक नाखूश असतात, आणि काही ठिकाणी ती जोडणीच नसते. शिवाय १.७ लिटरच्या सिलिंडरमध्ये दीडशे बारच्या दाबाला जेमतेम अडीचशे लिटर वायू बसतो, जो दोन लिटरच्या प्रवाहाने दोन तासांत संपतो. वाहतुकीचा खर्च जर सिलिंडर लहान असो वा मोठा, जवळपास तेवढाच येणार असेल, तर लहान सिलिंडरमधला प्रत्येक लिटर कितीतरी महाग पडतो. घरासाठी बी टाइप आणि फक्त दवाखान्याच्या वाटेसाठी लहान सिलिंडर, अशी विभागणी मला योग्य वाटते. विजेचा भरवसा अगदीच नसलेल्या वाडीत सात घनमीटरचा डी टाइप भाड्याने ठेवणे हिशेबात बसते. दोन लिटरच्या प्रवाहाने तो दोन दिवसांहून अधिक पुरतो.

आता स्वतःचा घ्यावा की भाड्याचा, हा प्रश्न. बहुतेक पुरवठादार रिकामा घेऊन भरलेला देतात. या पद्धतीत सिलिंडर त्यांचा असतो आणि त्याच्या तपासणीची जबाबदारीही त्यांचीच असते. स्वतःच्या सिलिंडरला भाडे नाही, पण दर पाच वर्षांनी त्याची हायड्रो चाचणी, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली मजबुतीची तपासणी, करून घ्यावी लागते आणि तारीख उलटून गेलेला सिलिंडर नियमाने वागणारे केंद्र भरत नाही. ही तारीख सिलिंडरच्या खांद्याजवळ ठोकलेली असते. जुना सिलिंडर स्वस्तात मिळतो म्हणून घेणाऱ्याने आधी तिथे पाहावे. परदेशातून नातेवाइकाने आणलेला सिलिंडर, त्याला नागपूरच्या पेसो या केंद्रीय यंत्रणेची मान्यता नसेल तर, इथे भरून मिळत नाही. खरेदीतली बचत त्यामुळे पूर्णपणे वाया जाते.

याच ठिकाणी अनेकांच्या मनात एक विचार येतो, की मोठा सिलिंडर एकदाच आणावा आणि त्यातून लहान सिलिंडर घरीच भरावा. ही कल्पना निराधार नाही. अमेरिकेत लहान विमाने उडवणारे अनेक खासगी वैमानिक हेच करतात. तिथल्या नियमानुसार १२,५०० फुटांच्या वर अर्ध्या तासापेक्षा जास्त उडायचे असल्यास आणि १४,००० फुटांच्या वर पूर्ण वेळ वैमानिकाने ऑक्सिजन वापरणे बंधनकारक आहे, आणि विमानतळावर लहान सिलिंडर भरून घेणे महाग पडते. म्हणून काही जण मिळून मोठे सिलिंडर भाड्याने घेतात आणि नळीने जोडून आपले सिलिंडर भरतात. नळीने जोडलेल्या दोन टाक्यांतले पाणी जसे एका पातळीला येते, तसा दोन सिलिंडरांतला दाब समान होतो. त्यामुळे आधी सर्वांत कमी दाबाचा मोठा सिलिंडर जोडायचा, मग त्याहून जास्त दाबाचा, आणि शेवटी पूर्ण भरलेला, असा क्रम ठेवला की मोठ्या सिलिंडरांतील वायू जास्तीत जास्त वापरला जातो.

पण आपल्याकडे सिलिंडर भरण्यासाठी गॅस सिलिंडर नियम, २०१६ अन्वये परवाना लागतो, आणि घरच्या पडवीत असे करणे बेकायदा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी धोका खरा आहे. जास्त दाबाचा ऑक्सिजन झडप पटकन उघडताच अरुंद नळीत दाबला जातो आणि क्षणात तापतो. तिथे तेलाचा किंवा ग्रीसचा अंश जरी असला तरी तो पेट घेतो, आणि शुद्ध ऑक्सिजनमध्ये धातूचा भागही जळू शकतो. खोबरेल तेलाचा हात नसलेले घर कोकणात सापडणे कठीण आहे. म्हणून घरी भरण्याचा मार्ग कोणीही स्वीकारू नये, असे मी आग्रहाने सांगेन. त्या वैमानिकांकडून घेण्यासारखी गोष्ट आहे ती एकत्र येण्याची. आसपासच्या वाड्यांतील रुग्णांच्या घरांनी एकाच दिवशी रिकामे सिलिंडर एका टेम्पोत एमआयडीसीतल्या परवानाधारक केंद्राकडे पाठवले, तर एका घराच्या वाट्याला येणारे भाडे लगेच खाली येते. आमच्याकडे हे सुरू झाले तेव्हा आंब्याच्या पेट्या सोडून रिकामा परतणारा टेम्पो उपयोगी पडला.

वेल्डिंगच्या कारखान्यातला बाटला मात्र रुग्णासाठी आणू नये. पुष्कळदा दोन्ही प्रकारचा ऑक्सिजन मूळ एकाच द्रवरूप साठ्यातून येतो हे खरे आहे, आणि शुद्धतेच्या आकड्यांतही फारसे अंतर नसते. फरक आहे तो सिलिंडरमध्ये पूर्वी काय होते, तो आतून स्वच्छ केला का आणि औषध म्हणून त्याची नोंद आहे का, यांत. वैद्यकीय ऑक्सिजनचा सिलिंडर काळा आणि त्याचा खांदा पांढरा असतो, औद्योगिक ऑक्सिजनचा पूर्ण काळा असतो.

आणलेला वायू पुरवून वापरणे हीसुद्धा बचतच आहे. श्वास आत घेतानाच वायू सोडणारे पल्स पद्धतीचे उपकरण लावले, तर तोच सिलिंडर दोन ते तीन पट वेळ पुरू शकतो. पण ते प्रत्येक रुग्णाला चालत नाही, विशेषतः झोपेत, म्हणून डॉक्टरांसमोर ऑक्सिमीटर लावून तपासूनच ते घ्यावे. जास्त प्रवाह म्हणजे जास्त आराम, हा समज सीओपीडीच्या रुग्णासाठी घातक आहे. अशा रुग्णांत सामान्यतः ८८ ते ९२ टक्के ऑक्सिजन पातळी पुरेशी मानतात, आणि त्याहून वर नेल्यास शरीरात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. म्हणजे प्रवाहाची किल्ली विनाकारण वाढवण्यात पैसाही जातो आणि जीवालाही अपाय होतो. उरलेला वेळ काढणे सोपे आहे. सिलिंडरची पाणीक्षमता लिटरमध्ये घेऊन तिला मीटरवरच्या बारमधल्या दाबाने गुणावे आणि प्रवाहाने भागावे. बी टाइपवर काटा शंभरावर असेल तर हजार लिटर उरलेले असतात. त्यातले दोनशे राखीव धरले तर दोन लिटरच्या प्रवाहाने सहा तास चाळीस मिनिटे मिळतात. हा हिशेब कागदावर लिहून सिलिंडरजवळ टांगावा, म्हणजे रात्री वीज गेल्यावर घरातील कोणालाही तो वाचता येईल.

गणपतीत समई, निरांजन आणि उदबत्ती रुग्णाच्या खोलीपासून दूर असावीत, कारण नळीतून सुटणारा ऑक्सिजन अंथरुणात आणि कपड्यांत साचून राहतो. काकूंसाठी आम्ही आरतीच्या वेळी माजघरात खुर्ची ठेवतो आणि दिवे ओटीवरच राहतात.

कोकण रेल्वेने मुंबईला तपासणीसाठी जाणाऱ्या रुग्णाला डॉक्टरांच्या सल्ल्याने ऑक्सिजन सिलिंडर स्टँडसह सोबत नेता येतो. त्यासाठीचे प्रमाणपत्र आधीच लिहून घ्यावे, कारण स्थानकावर ऐन वेळी ते मिळवणे शक्य नसते.

भरून घेण्याचे वेळापत्रक मात्र पावसाला धरूनच आखावे लागते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले तेव्हा शहरात येणे-जाणेच बंद पडले होते, आणि परशुराम घाटातली दरड महामार्ग कधी अडवेल याचा नेम नसतो. म्हणून मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सगळे सिलिंडर भरून आलेले असावेत, प्रत्येकाची झडप एकदा हळूच उघडून मीटरवरचा दाब पाहावा आणि ते भिंतीला साखळीने उभे बांधून ठेवावेत. रेग्युलेटरचा वॉशर आणि सिलिंडरची किल्ली त्याच साखळीला अडकवावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात आपल्या रुग्णाचे नाव, प्रवाहाचा आकडा आणि घरी असलेल्या सिलिंडरांची संख्या लिहून द्यावी. आमच्या ग्रामपंचायतीकडे मी अर्ज दिला आहे, की गावातील अशा सर्व रुग्णांची मिळून एक यादी करून पावसाआधीची भरण्याची फेरी पंचायतीनेच ठरवावी. इतर गावांतही असा अर्ज देता येईल, त्याचा मसुदा मागणाऱ्याला मी आनंदाने पाठवेन.