किती टनाचा?

गाडीच्या डिकीत स्टेपनीपाशी एक घडीचा जॅक पडलेला असतो, कात्रीसारखा उघडमीट करणारा, आणि बहुतेकांना तो आहे हे पंक्चर झाल्यावरच आठवतं. मी मात्र बरीच वर्षं त्याच्यावरच संसार चालवला. पुढची चाकं मागं आणि मागची पुढं करायची, ब्रेक पॅड किती झिजलेत बघायचे, चाकाच्या आत अडकलेला चिखल काढायचा, असले उद्योग मला आवडतात. चांगले जमतात असं नाही, पण आवडतात. तर त्या जॅकच्या नाकात तो आकडेवाला दांडा अडकवायचा आणि फिरवत बसायचं, अर्धा फेरा झाला की दांडा जमिनीला टेकतो, मग काढा, परत अडकवा, परत अर्धा फेरा, आणि मधेच आकडा सटकला की बोटांची सालटं फरशीला. एका चाकापुरतं ठीक आहे हो, पण चार चाकं म्हणजे अर्धा दिवस नुसतं दळण. एका रविवारी हात धुताना बघितलं तर उजव्या हाताच्या तीन बोटांना पट्ट्या होत्या आणि गाडी अजून दोन चाकं बाकी म्हणून माझ्याकडं बघत होती. तेव्हा ठरवलं, ट्रॉली जॅक घ्यायचा. चाकांवर पळणारा, लांब दांड्याचा, गॅरेजमधे असतो तसा.

घ्यायचा म्हणल्यावर बाबांचा पहिला प्रश्न, "किती टनाचा घेतोयस?" मग मित्राचा तोच. शेजारच्या काकांचा तोच, आणि वर "तीनच्या खाली घेऊ नकोस बरं का" असा सल्ला, ज्यांनी आयुष्यात चाकाचा एक नट सोडवलेला नाही त्यांच्याकडून. टन हा शब्दच असा आहे की ऐकलं की माणूस आपोआप छाती फुगवतो.

मी पण सुरुवातीला टनातच अडकलो होतो. दोन, अडीच, तीन, असं करत चारपर्यंत पोचलो, आणि मग एकदा शांतपणे गाडीचं पुस्तक उघडून वजन बघितलं तर रिकामी गाडी 1000 किलोच्या जरा वर. म्हणजे सगळी मिळून एक टनाची कहाणी. आणि जॅक काही अख्खी गाडी डोक्यावर घेऊन नाचत नाही, एक कोपरा उचलला तर बाकीची चाकं जमिनीवरच असतात, आणि पुढचं तोंड पूर्ण उचललं, जिथं इंजिन असल्यामुळं वजन जास्त असतं, तरी साधारण 600 किलोच्या आसपास. म्हणजे दोन टनाचा जॅकसुद्धा माझ्या गाडीसाठी जांभया देत काम करणार. मोठ्या टनाचा घेतला की सांगाडा रुंद मिळतो, दांडा लांब मिळतो, तो फायदा खरा आहे, पण तो टनाचा नाही, अंगकाठीचा फायदा आहे.

मधे एक रात्र मी नुसतं ट्रॉली जॅक आतून कसा चालतो त्यातच घालवली, त्याचा खरेदीशी काहीएक संबंध नव्हता. पास्कल नावाच्या फ्रेंच माणसानं सतराव्या शतकात मांडलं की बंद भांड्यातल्या द्रवाला एका जागी दाब दिला की तो दाब सगळीकडं सारखाच पोचतो. मग इंग्लंडमधल्या जोसेफ ब्रामानं 1795 साली त्यावर हायड्रॉलिक प्रेसचं, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचं, पेटंट घेतलं. हा गृहस्थ त्याआधी कुलपं आणि संडासातली फ्लशची यंत्रणा सुधारून बसलेला, म्हणजे माणसाला रोज लागणाऱ्या गोष्टी बरोबर ओळखणारा. आपला जॅक त्या प्रेसचाच धाकटा भाऊ. दांड्याखाली एक बारीक पिस्टन, आत एक जाडा. बारीक 1 सेंटीमीटर व्यासाचा आणि जाडा 3 चा धरला तर क्षेत्रफळ नऊपट, म्हणून जोरही नऊपट, वर दांड्याची तरफ आहेच. पण नऊपट जोर मिळाला की जाडा पिस्टन सरकतो एक नवमांशच, तेलाला पण हिशोब कळतो. त्यामुळंच आपण दांडा हातभर खालीवर करतो आणि गाडी मात्र केसाकेसानं वर जाते. हे समजल्यावर मला उगाचच बरं वाटलं. काहीजणांना नुसतं उचललं गेलं की पुरतं, मला का उचललं गेलं ते पण लागतं.

तर असा टनांचा आणि तेलाचा अभ्यास करून मी तयार झालो आणि त्याच आठवड्यात गाडी उभ्या उभ्या पंक्चर झाली. म्हणलं वा, घेण्याआधी ट्रायल होऊन जाईल, म्हणून मित्राचा ट्रॉली जॅक उसना आणला. तीन टनाचा, लालभडक, चाकांचा खडखड आवाज करत अशा थाटात आला की बायको खिडकीतून बघायला आली. मी उकिडवा बसलो, जॅक गाडीखाली ढकलला आणि टण्‌. परत ढकलला, परत टण्‌. जॅकची वाटी, म्हणजे ज्यावर गाडी टेकते ती, पूर्ण खाली बसवली तरी 14 सेंटीमीटरवर होती, आणि टायर बसल्यामुळं गाडी पण बसली होती, साधारण 13 वर. एका सेंटीमीटरसाठी तीन टनाची ताकद बाहेर उभी. बायकोनं वरून विचारलं, "जात नाहीये का?" मी म्हणलं, "जातोय, जातोय," आणि डिकी उघडून गुपचूप तो कात्री जॅक काढला. तो पडून राहिल्यासारखा आत गेला, आणि मग मला पहिल्यांदा कळलं की बनवणाऱ्यानं तो इतका चपटा का केलाय. त्याचं कामच मुळी बसलेल्या टायरचं आहे. इतकी वर्षं मी त्याच्याकडून नको ती कामं करून घेत होतो आणि वर शिव्या देत होतो.

त्या दिवसापासून मी टन सोडले आणि पट्टी धरली. चारी कोपऱ्यांवर, कंपनीनं जिथं जॅक लावायच्या खाचा दिल्यात तिथं, जमिनीपासून किती उंची आहे ते मोजलं. पुढून बंपरखालून आत हात घालून मोजलं, कारण मधला भक्कम आडवा भाग खूप आत असतो आणि तिथपर्यंत पोचताना वाटीच काय, जॅकचं अख्खं अंग बंपरखालून जायला लागतं. हे मोजायला मी शिलाई मशीनवरची टेप नेली होती आणि ग्रीस लावून परत ठेवली, त्यावर घरात जे बोलणं झालं ते इथं सांगत नाही.

खालची उंची बघितली की वरची पण बघावीच लागते, आणि तिथं एक गंमत आहे. जॅक पहिले काही सेंटीमीटर वर जातो तेव्हा चाक जमिनीवरून हलतच नाही. गाडी वर जाते, पण स्प्रिंग दबलेली असते ती मोकळी होत जाते आणि चाक खाली लोंबकळत राहतं, झोपेतून उठवलेल्या पोरासारखं. त्यामुळं कागदावर 33-35 सेंटीमीटर उंची भरपूर वाटते पण ती सुटकेससारख्या पेटीत मिळणारे छोटे जॅक असतात ना, त्यांचा जीव तेवढ्यातच संपतो, आणि खाली गाडी धरून ठेवणारा स्टँड लावायला जागा उरत नाही. शिवाय त्यांचा दांडा इतका आखूड की प्रत्येक पंपाला हात बंपरला आपटणार. एखाद्या चाकापुरते ते बरे आहेत, नाही असं नाही.

चाकांकडं तर मी आधी लक्षच दिलं नव्हतं. मला वाटायचं जॅकला चाकं असतात ती ढकलत न्यायला. पण त्याचा हात सरळ वर जात नाही, गोलाईत जातो, म्हणजे वाटी वर जाता जाता पुढंमागं पण सरकते, आणि गाडी तर जागची हलत नाही, म्हणून मग जॅकनंच गाडीखाली थोडं सरकायचं असतं. चाकं मातीत रुतली, फरशीच्या सांध्यात अडकली, की सरकायचं ते वाटीवरचं ओझं सरकतं. म्हणून जमीन सपाट आणि कडक हवी, चाकं लोखंडी आणि मोकळी फिरणारी हवीत, आणि उचलताना एक डोळा त्यांच्यावर हवा.

अॅल्युमिनियमचा घ्यायचा का हा विचार दोन दिवस केला. तीन टनी लोखंडी जॅक 30 किलोच्या वर जातो, तो उचलून कुठं न्यायचा असेल तर कंबर आधी तपासून घ्यावी. पण माझा जॅक भिंतीपासून गाडीपर्यंत जाणार आणि परत येणार, स्वतःच्या चाकांवर. लोखंडच बरं.

जॅकबरोबर दोन घोड्या घेतल्या, म्हणजे जॅक स्टँड, आणि हे मी आधी ठरवून टाकलं होतं की घोड्या नाही जमल्या तर जॅक पण नाही. जॅकच्या आत सगळा भरवसा एका रबरी सीलवर आणि एका छोट्या व्हॉल्व्हवर असतो, आणि ते कधी दमतील हे बाहेरून दिसत नाही. जॅकनं उचलायचं, घोडीनं धरायचं, आणि गाडी घोडीवर बसल्यावर तिला हातानं जरा हलवून बघायचं, मगच अंग खाली न्यायचं. जमिनीवर राहिलेल्या चाकांना लाकडी ठोकळे पण लावायचे, कारण हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांना असतो आणि मागचं टोक उचललं की तो हवेत ब्रेक मारत बसतो. मी नट पण गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करून घेतो.

नवा जॅक आला तेव्हा पहिल्यांदा दांडा मारला तर नुसता स्पंजासारखा, काही उचलेना. घाबरलोच. मग कळलं प्रवासात आत हवा गेलेली असते, व्हॉल्व्ह मोकळा करून दहाबारा वेळा दांडा मारायचा, मग घट्ट करायचा. तसं केलं आणि गाडी अशी वर गेली, काही आवाज नाही, काही सालटं नाहीत. खाली आणताना मात्र मी व्हॉल्व्ह एकदम फिरवला आणि गाडी धप्पकन बसली, वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. आता मी तो असा फिरवतो की फिरला का नाही ते मलाच कळत नाही.

संध्याकाळी बाबा खाली आले, जॅकभोवती एक चक्कर मारली, पायानं चाक जरासं ढकलून बघितलं.

"छान आहे. किती टनाचा?"

"साडेनऊ सेंटीमीटर," मी म्हणलं, आणि मग स्टिकर बघायला खाली वाकलो.