क्षितिज अर्धा अंश वाकडं

कोल्हापुरात फोटो नापास होत नाही. रंकाळ्यावरची संध्याकाळ काढा, गल्लीतल्या कुत्र्याची पिल्लं काढा नाहीतर तांबड्या-पांढऱ्याच्या वाट्या काढा. ग्रुपवर पडला की ‘नाद खुळा’, ‘लय भारी भावा’ ठरलेलं. त्यातल्या निम्म्यांनी फोटो मोठा करून बघितलेलाही नसतो, पण अंगठा वर असतो. आमच्या गावाचं मन मोठं आहे, त्याला इलाज नाही.

अशा गावात राहून विमानांच्या फोटोंचा नाद लागला की पहिल्यांदाच नकार कशाशी खातात ते कळतं. विमानांच्या फोटोंच्या काही ऑनलाइन गॅलऱ्या आहेत. एअरलाइनर्स डॉट नेट ही त्यातली जुनी, १९९७ साली स्वीडनमधल्या एका हौशी तरुणानं काढलेली. दुसरी जेटफोटोज. आभाळातली विमानं नकाशावर दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ वर एखाद्या विमानावर बोट ठेवलं की जो फोटो समोर येतो, तो या जेटफोटोजवरचा असतो. अशा ठिकाणी फोटो पाठवला म्हणजे लागला असं नसतं. तो रांगेत उभा राहतो आणि स्क्रीनर नावाची माणसं तो तपासतात. ही माणसं पगारी नसतात. आपल्यासारखीच कुठल्यातरी गावातली कुंपणाला नाक लावून उभी राहणारी हौशी मंडळी. पण एकदा खुर्चीत बसली की तलाठ्यापेक्षा कडक.

निकाल एका शब्दात येतो. ‘सॉफ्ट’, म्हणजे पुरेसा रेखीव नाही. मग आपण कॉम्प्युटरवर धार चढवतो. दुसऱ्या वेळी उत्तर येतं ‘ओव्हरशार्पन्ड’. या दोन शब्दांच्या मधे एक केसाएवढी वाट आहे, आणि ती प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असते. ‘सेंटर’ म्हणजे विमान चौकटीत मधोमध नाही, नाकापुढं आणि शेपटीमागं सारखी जागा सोडलेली नाही. ‘डस्ट’ म्हणजे आभाळात कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका आहे. हा ठिपका उघड्या डोळ्यांना दिसत नाही. फोटो ‘इक्वलाइझ’ करून त्याचं भडक भूत केलं की मग आभाळात देवीचे व्रण उठल्यासारखे ठिपके उमटतात. कुणाच्या तरी निळ्या आभाळात इतक्या निगुतीनं दोष शोधणारा माणूस संसारात कसा वागत असेल, हा विचार माझ्या मनात अनेकदा येऊन गेलाय.

सगळ्यात अपमानास्पद कारण क्षितिजाचं. अर्धा अंश वाकडं असलं तरी परत. आता आमच्याकडं क्षितिज आहेच कुठं? समोर टेकाड, त्याच्याअलीकडं ऊस, त्याच्याअलीकडं कुंपण. स्क्रीनर अशा वेळी उभ्या रेषा बघतात. इमारतीचा कोपरा, कंट्रोल टॉवर, खांब. चौकटीत विजेचा खांब आला असेल तर मात्र आपलं काम संपलं. खांब सरळ केला तर विमान झुकतं, विमान सरळ केलं तर खांब झुकतो, आणि खांब मुळातच झुकलेला आहे हे परदेशातल्या माणसाला कोण पटवणार? मी फोटोतून खांब टाळायला शिकलोय.

पंख्यांच्या विमानाची गंमत त्याहून मोठी. हैदराबादच्या फेरीला येणारं एटीआर ७२ घ्या. त्याच्या पंख्याला सहा पाती आणि उड्डाणाच्या वेळी पंखा मिनिटाला १२०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २०. कॅमेऱ्याचं शटर एक हजारांश सेकंद ठेवलं तर तेवढ्यात पातं जेमतेम सात अंश फिरतं. फोटो लख्ख येतो, पण पंखा थिजलेला. विमान हवेत आणि इंजिन बंद, बघणाऱ्याच्या पोटात गोळा. शटर एकशे पंचविसांश सेकंदावर आणलं की पातं सुमारे ५८ अंश फिरतं. सहा पात्यांमधलं अंतर ६० अंश, म्हणजे जवळजवळ पूर्ण गोल चक्र भरतं. हे चक्र दिसलं की विमान जिवंत वाटतं. पण तेवढ्या सावकाश शटरला, चारशे मिलिमीटरची लेन्स हातात धरून, पळत्या विमानाबरोबर कमरेतून वळायचं आणि विमानावरची अक्षरं मात्र पुसट होऊ द्यायची नाहीत. कुस्तीच्या गावाला कमरेचं महत्त्व वेगळं सांगायला नको. मुंबईचं एम्ब्रेअर जेट त्या मानानं गरीब. त्याला पातीच दिसत नाहीत, शटर हवं तेवढं वेगात ठेवा.

आणि ऊन. आपली धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम. थंडीत सूर्य दक्षिणेकडून फिरतो, म्हणून दक्षिणेच्या बाजूला उभं राहायचं, ऊन पाठीवर घ्यायचं. मेच्या पहिल्या आठवड्यात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गडप होते. तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य चक्क आपल्या उत्तरेला असतो. एटीआरचा पंख अंगाच्या वर बसवलेला, त्यामुळं डोक्यावरच्या उन्हात त्याची सावली अंगावर पडते आणि पोट काळंकुट्ट. शिवाय उन्हाळ्यात धावपट्टी तापली की हवा थरथरते आणि विमानाच्या खिडक्या पाण्यात पडल्यासारख्या डुलायला लागतात. याला ‘हीट हेज’ म्हणतात, आणि यावर कुठल्याही सॉफ्टवेअरमधे औषध नाही. लेन्स जितकी लांब, तितकी थरथर मोठी. पहाटे उठणं हाच उपाय, पण विमानाला आपली पहाट माहीत नसते.

ऊन कुठून येतं आणि कशाला अडतं, हे कोल्हापूरकराला शिकवायला खरं तर नको. अंबाबाईचा किरणोत्सव काय आहे? नोव्हेंबरची ९, १०, ११ आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत जातात, पहिल्या दिवशी चरणांवर, मग वर चढत तिसऱ्या दिवशी मुखावर. त्या वेळी सगळं गाव श्वास रोखून असतं. पश्चिमेला ढग आला, हवेत धूळ असली, वाटेत कुणाच्या इमारतीचा कोपरा आला, की किरणं कमरेपाशीच थांबतात आणि सकाळच्या पेपरात तशी बातमी येते. ते स्क्रीनिंगच आहे, फक्त तिथं अपिलाची सोय नाही. गॅलरीत ती असते. नकार मान्य नसेल तर दोन ओळी लिहून पुन्हा तपासायला सांगता येतं. मी लिहितो, आणि बहुतेक वेळा निकाल कायम राहतो.

एवढं सोसायचं कशाला, असं घरी विचारतात. मला वाटतं, नाकारणाऱ्यानं फोटो बघितलेला असतो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, शंभर टक्के मोठा करून, शेपटीजवळची, विमानाच्या नोंदणीची, व्हीटीनं सुरू होणारी पाच अक्षरं मी बरोबर नोंदवलीत का हेही ताडून. आमच्या ग्रुपवरच्या सगळ्या अंगठ्यांना मिळून एवढा वेळ कुणी दिलेला नाही.

तक्रार माझी वेगळीच आहे. हे सगळे नियम पाळून जो फोटो पास होतो, तो कोल्हापूरचा राहत नाही. विमान मधोमध, बाजूनं, चेहऱ्यावर ऊन, मागं स्वच्छ निळं. १९३९ साली राजाराम महाराजांच्या काळात ज्या माळावर विमान उतरायला लागलं, तो माळ त्यात कुठं दिसत नाही. गळीत हंगामातला कारखान्यांचा धूर चौकटीत आला तर धूसर म्हणून परत. उसाचे तुरे विमानाच्या चाकांआड आले तर अडथळा म्हणून परत. खाली ‘कोल्हापूर’ असं लिहिलेलं असतं म्हणून कोल्हापूर. नाहीतर ते विमान फ्रँकफर्टला उतरतंय म्हणून सांगितलं तरी चालेल. हिशेब ठेवायला असे फोटो उत्तम, एकेका विमानाचा जन्मभराचा माग लागतो त्यांच्यावरून. पण भिंतीवर लावायला मी दुसरेच निवडतो.

विमानतळाच्या आत फोटो काढायला परवानगी लागते, म्हणून आम्ही बाहेर, तामगावच्या बाजूला. तिथल्या बांधावर एक तात्या वैरण कापत असतात. सुरुवातीला त्यांनी मला संशयानं बघितलं, मग कंटाळून विचारलं.

“काय पावणं, रोजच येतंय की ते. आज काय नवीन हाय त्यात?”

“तात्या, कालचं वेगळं होतं. नंबर बघा की शेपटीजवळचा.”

“आमच्या म्हशीबी येगळ्या असत्यात. फोटो न्हाई काढत आमी.”

आता मात्र तेच मला खबर देतात. वारं पश्चिमेचं सुटलं की विमान पूर्वेकडून येणार, हे ते टॉवरशिवाय सांगतात. मागं एकदा एटीआरचा फोटो पास झाला, चक्र भरलेला, ऊन नेमकं. कौतुकानं तात्यांना मोबाइलवर दाखवला. त्यांनी दोन बोटांनी मोठा केला, लहान केला, कडेला सरकवून बघितला.

“आन् आमचा ऊस कुठं गेला?”

कापला, म्हटलं. नियमात बसत नव्हता.

“तोड यायच्या आदी तुमीच कापला व्हय?”

मग त्यांना मूळ फोटो पाठवून दिला, खाली हिरवागार ऊस, वरच्या कोपऱ्यात विमान, आणि खांबही. त्यांनी तो त्याच रात्री स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं होतं, ‘आमचा ८६०३२’. ती उसाची जात आहे. नंबर अगदी बरोबर होता.