तेराव्या चॅनलवरचा आवाज

त्या रात्री मी फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकती पट्टी, वर केला असता तर पुढे बसलेली पोरं हसली नसती, हे मला कळतं. तरी तो मी खालीच ठेवला. त्याला बरेच दिवस झाले, पण विषय डोक्यातून जात नाही.

कार्यक्रम भुसावळचा, रेल्वे कॉलनीजवळच्या मैदानावर, एप्रिलच्या उकाड्यात. सत्तरी ओलांडलेल्या मंडळींचा रॉक बँड. गायक मूळचे भुसावळचेच. वडील इंजिन ड्रायव्हर, लहानपण क्वार्टरमध्ये गेलेलं, शेजारच्या अँग्लो-इंडियन घरातली गिटार ऐकून कान तयार झालेला. मी जळगावहून साउंड घेऊन गेलो होतो. साउंड चेकसाठी ठरलेला वेळ आयोजकांनी सत्कारांच्या तयारीत खाल्ला. आपल्याकडे शाल-श्रीफळाला वेळ असतो. ज्याला ऐकायला लोक येतात त्याच्या आवाजाला नसतो. याचा मला मनापासून संताप येतो.

वयस्कर गायकाला साउंड देणं हे वेगळंच काम आहे. वयाबरोबर आधी वरच्या फ्रिक्वेन्सी, म्हणजे बारीक, तीक्ष्ण आवाज, ऐकू येईनाशा होतात, आणि शब्दांची धार नेमकी तिथेच असते. मग ते स्टेजवरून सारखं ‘मॉनिटर वाढव’ अशी खूण करतात. मॉनिटर म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर. वाढवला की त्याचा आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी! मी उलटं करतो. त्यांच्या मॉनिटरमधून गिटार आणि कीबोर्ड जवळपास काढूनच टाकतो, खालचा घुमारा कापतो आणि 2 ते 4 किलोहर्ट्झमध्ये शिट्टी जिथे जिथे धरते तेवढ्याच जागा बारीक टिपून खाली घेतो. मग बाकीचा आवाज बिनधास्त वर नेता येतो. एसएम 58 माइक मागच्या बाजूने सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर बरोबर त्याच्या शेपटीच्या रेषेत ठेवायचा. पण जुन्या रॉकवाल्यांना माइकची जाळी मुठीत धरायची सवय. जाळी झाकली की माइक चहूकडून ऐकायला लागतो आणि सगळी मेहनत पाण्यात. मी गायकांना म्हटलं, “सर, मूठ तेवढी दांड्यावर ठेवा.” त्यांनी लगेच ऐकलं. अख्ख्या कार्यक्रमात एकदाही शिट्टी वाजली नाही, हे मी अभिमानाने सांगतो.

गिटारी अर्धा सूर उतरवून लावलेल्या होत्या. त्यात उकाड्याने तारा सैल पडत होत्या आणि आखडलेल्या बोटांचे गिटारवाले दर गाण्याआधी निमूट सूर मिळवत होते.

कीबोर्डवाल्यांनी मिक्सरच्या तेराव्या चॅनलवर लॅपटॉप जोडायला दिला. त्यात गायकांचाच तरुणपणीचा आवाज होता, जुन्या टेपवरून सॉफ्टवेअरने वेगळा काढलेला. जागा आली की ते बटण दाबणार, फेडर मी उघडायचा. “फक्त वरच्या सुरांना आधार दे, भो.” साउंड चेकला तो आवाज क्षणभर मॉनिटरमध्ये आला आणि गायक थांबले. “हे कुठून येतंय?” कीबोर्डवाले म्हणाले, “इको आहे.” म्हणजे ज्याचा आवाज, त्यालाच सांगितलेलं नव्हतं.

गाणं डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचं, ‘चाइल्ड इन टाइम’, 1970 सालचं. त्यातले किंकाळीसारखे चढत जाणारे सूर खुद्द त्यांचा गायक इयान गिलनने 2002 नंतर मंचावर म्हटलेले नाहीत. जेनेसिस बँडचा फिल कॉलिन्स 2022 मध्ये खुर्चीत बसून गायला, ड्रमवर त्याचा मुलगा. ब्लॅक सबाथचा गायक ऑझी ऑस्बॉर्न 5 जुलै 2025 रोजी बर्मिंगहॅममध्ये सिंहासनावर बसून गायला आणि त्याच महिन्यात गेला. या माणसांनी आपलं वय लोकांसमोर उघडं ठेवलं. मला त्यांचं मोठेपण त्यात दिसतं.

आमच्या गायकांनी चढती ओळ पहिल्यांदा खालच्या सप्तकात घेतली. छान घेतली, खर्जात अजून जीव होता. दुसऱ्यांदा मात्र ते वर गेले आणि आवाज फाटला. कीबोर्डवाले माझ्याकडे डोळे वटारून बघत होते, तेराव्या चॅनलचा मीटर हिरवा नाचत होता, माझं बोट फेडरवर होतं. तो सूर स्पीकरमध्ये गेला असता तर मागे खुर्च्यांवर बसलेल्या रिटायर्ड रेल्वेवाल्यांना वाटलं असतं, अजून जमतंय यांना. आणि तो मॉनिटरमध्ये जात नसल्याने गायकांना ते कळलंही नसतं. त्या ‘कळलंही नसतं’पाशी माझं बोट थांबलं. पुढची पोरं हसली. गायकांनी गिटारवाल्यांकडे हात केला आणि उरलेली चढण गिटारने केली.

नंतर कीबोर्डवाल्यांनी स्टेजमागे मला धारेवर धरलं. “आवाज त्यांचाच होता ना? परक्याचा होता का? ज्या गावात वाढले तिथे हसं झालं त्यांचं.” मला उत्तर देता आलं नाही, कारण त्यांचं म्हणणं निव्वळ खोटं नाही. गेली काही वर्षं बँड त्यांनीच धरून ठेवलाय.

केबल गुंडाळताना गायक आले आणि रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर मागितलं. मग विचारलं, “तेरावर काय होतं?” मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, “ते चॅनलही दे. पण वेगळ्या फाइलमध्ये.” बास, एवढंच.

आता नाशिकच्या कार्यक्रमासाठी दोघांचेही फोन येऊन गेले. कीबोर्डवाल्यांना लॅपटॉप हवा आहे. गायकांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, फक्त मॉनिटर तसाच लाव म्हणाले. मी दोघांनाही कळवलंय की साउंड चेकआधी तुम्ही एकत्र बसून ठरवा. ठरेपर्यंत तेराव्या चॅनलला केबल लागणार नाही.