बसायला आलेल्यांनी सांगितलेली माणसं

पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत आमच्या गावातली तीन माणसं गेली. दाईमाय, सुतार आबाजी आणि भजनात खंजेरी वाजवणारे काकाजी. तिघांच्याही मातीला मी नव्हते. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या आमच्या भागात माणूस सकाळी गेला की दिवस मावळायच्या आत माती होते. आयर्लंडहून निघालेलं माणूस तोवर डब्लिनच्या विमानतळावरही पोचत नाही.

मी इथं मेयो परगण्यात, पश्चिम किनाऱ्याजवळच्या एका लहान गावात, वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये नर्स आहे. मरण माझ्या कामातच आहे. पण इथल्या लोकांची मेलेल्या माणसाशी वागण्याची रीत पाहिली आणि मला आमची ओसरी आठवली, म्हणून हे लिहिते आहे.

इथं लोकल रेडिओवर बातम्यांनंतर त्या भागात कोण वारलं ते वाचून दाखवतात. नाव, गाव, कोणाची आई, कोणाचा भाऊ, घरी कधी यायचं, दफन कुठं. त्या वेळी आमच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बायका हातातलं भांडं खाली ठेवून ऐकतात. मग संध्याकाळी मयताच्या घरासमोर मोटारींची रांग लागते. माणूस घरातच ठेवलेला असतो. आलेला प्रत्येक जण घरच्यांचा हात हातात घेतो, दोन शब्द बोलतो, मग चहाचा कप घेऊन खुर्चीवर बसतो आणि गेलेल्याची गोष्ट सांगायला लागतो. त्याच्या गाईंची, त्याच्या हट्टाची, त्यानं कुणाला न सांगता भरलेल्या कुणाच्या तरी बिलाची. पश्चिमेकडच्या खेड्यांत अजूनही कबर शेजारीपाजारीच खणतात. महिन्यानं पुन्हा सगळे चर्चमध्ये जमतात आणि नोव्हेंबरचा अख्खा महिना मेलेल्यांचा असतो. आमच्या नर्सिंग होममधून कोणी शेवटचं निघालं की हातातलं काम सोडून आम्ही सगळे दारापर्यंत दोन ओळींत उभे राहतो.

आपल्याकडे हेच काम बसायला येणारी माणसं करतात. तिसऱ्या दिवशी राख सावडून झाली की तेरवीपर्यंत त्या घरात सतरंजी उचलली जात नाही. बाहेरगावचे येतात, गावातले रोज येतात. आधी बाया गळ्यात पडून रडतात, मग कोणीतरी पाण्याचा गडवा फिरवतं, मग गप्प, आणि मग कोपऱ्यातून कोणीतरी सुरू करतं, "तुमाले सांगतो, त्या साली..." त्या साली काय झालं हे घरातल्या लोकांनाही कित्येकदा पहिल्यांदाच कळतं. माणसाचं आयुष्य त्याच्या एकट्या घराकडे पूर्ण नसतंच. थोडं ह्याच्याकडे, थोडं त्याच्याकडे असतं, आणि त्या दिवसांत ते एका सतरंजीवर गोळा होतं. मला मातीला पोचता न आल्याचं दुःख आहे, पण त्याहून मोठी हळहळ त्या सतरंजीवर बसता न आल्याची होती.

दाईमाय गेली तेव्हा आई बसायला गेली आणि मी तिला तिथंच फोन केला. दाईमायच्या सुनेनं आईच्या हातून फोन घेतला आणि मधोमध ठेवला. म्हणाली, "राहू द्या इथंच. पोरीले बी आयकू द्या." मी रात्रपाळी करून आले होते. झोपले नाही, ऐकत राहिले. पुढं दोन्ही मयतांच्या वेळी दादानं तसंच केलं. जे ऐकलं ते वहीत उतरवून ठेवलं आहे, आणि त्यातलं थोडं इथं सांगते.

दाईमायचं आधी. गावात आज चाळिशीच्या पुढचं जे कोणी आहे त्यातलं बहुतेक तिच्या हातचं. सरकारी प्रशिक्षणात मिळालेली पेटी तिच्याकडे होती, आणि पातं उकळल्याशिवाय ती नाळेला हात लावत नसे. घरची म्हातारी कितीही घाई करो, ती पाण्याला उकळी फुटायची वाट बघायची. नर्स म्हणून मी सांगते, ह्या एका सवयीनं तिनं किती बाळं धनुर्वातापासून वाचवली असतील ह्याचा हिशेब नाही. एका बाईनं सांगितलं की अडाण नदीला पूर आला होता, दारव्ह्याला नेता येईना, बाळ आडवं. दाईमाय दोन रात्री त्या घरातून हलली नाही. तिसऱ्या दिवशी तिचं स्वतःचं पोर तापानं फणफणलेलं आहे असा निरोप आला तेव्हाही बाळ हाती येईपर्यंत उठली नाही. तिचं पोर वाचलं, ते बाळही वाचलं. मोबदला एक लुगडं आणि पायलीभर ज्वारी, तीही असेल त्या घरी. पुढं बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली तेव्हा तिनं तोंड वाकडं केलं नाही. गाडीत पोरीचं डोकं मांडीवर घेऊन तीच जायची. तिथल्या डॉक्टरीणबाईंना सांगायची, "पयलटकरीन हाय, भेली हाय, तिच्यावर ओरडू नका."

तिला खांदा देणारे चौघंही तिच्याच हातचे होते. हे कोणी ठरवलं नव्हतं. तिरडी उचलल्यावर एका म्हातारीच्या लक्षात आलं आणि तिनं ते मोठ्यानं म्हटलं.

सुतार आबाजी पोळ्याच्या पाठोपाठ गेले. तिफण, वखर, डवरा, बैलगाडीचं जू, सगळं त्यांच्या हातचं. त्यांची एक रीत मला माहीतच नव्हती. डवरा करायच्या आधी ते त्या शेतकऱ्याला आणि त्याच्या बैलजोडीला बाभळीखाली उभं करायचे आणि लांबून नुसते बघायचे. माणूस ठेंगणा, बैल उंच, तर रुमणं, म्हणजे हातात धरायचा दांडा, कसं हवं, हे त्यांना डोळ्यांनी कळायचं. ट्रॅक्टर आले, कामं गेली. मग दारं-खिडक्या केल्या, पाट-पोळपाट केले, पण तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी त्यांनी कधी सोडले नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरं लाकडी बैल सजवून घरोघर फिरतात. ज्या घरात नंदीला पैसे नसत त्या घरच्या पोराला ते दुकानात बोलावून पॉलिश पेपर द्यायचे आणि म्हणायचे, "घास, मंग तुहाच." पोराला वाटायचं आपण कमावला. बसायला आलेल्या माणसांपैकी एकानं पिशवीतून आपला नंदी काढला, शिंग मोडलेला. मग दुसरा उठून घरी गेला आणि त्याचा घेऊन आला. आबाजींच्या फोटोसमोर संध्याकाळपर्यंत नंद्यांची रांग लागली, असं दादा सांगत होता.

तरुणपणी आबाजी सागवानाच्या कामाला मेळघाटात जाऊन आले होते. तिथं कोरकू लोक गेलेल्या माणसासाठी लाकडी खांब कोरून उभा करतात, त्यावर चंद्र, सूर्य, घोडेस्वार असतात. आबाजी म्हणायचे की असं काम आपल्याच्यानं होणार नाही, ते करायला त्या माणसाला ओळखावं लागतं. विदर्भाच्या मातीत हे फार जुनं आहे. नागपूरजवळ जुनापाणीला तीनशेच्या आसपास शिळावर्तुळं आहेत, लोहयुगातल्या लोकांनी आपल्या मेलेल्यांसाठी मोठमोठे दगड वाहून आणून गोल मांडलेली. त्या माणसांची नावं गेली, भाषा गेली. कोणीतरी कोणासाठी तरी दगड ओढले होते, एवढं मात्र अजून दिसतं.

खंजेरीवाल्या काकाजींना जिल्हाभर लोक ओळखत. तुकडोजी महाराजांच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला आमच्या गावात संध्याकाळी कोणी नसलं तरी ते असायचे. तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले. तेव्हापासून त्यांच्या आश्रमात, गुरुकुंज मोझरीला, दर पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. काकाजींनी ती वारी चुकवली नाही. माणसांचा सागर आणि पान हललं तरी ऐकू येईल अशी शांतता, एवढंच ते त्याचं वर्णन करायचे, आणि तेवढं करतानाही त्यांचे डोळे भरायचे. मोझरीत ते मौन सुरू होतं तेव्हा इथं भर दुपार असते, माझी जेवणांची गडबड चालू असते. यंदा मी औषधांची ट्रॉली भिंतीला लावून उभी राहिले.

पण त्यांची जी गोष्ट मला माहीत नव्हती ती २०२१ च्या उन्हाळ्यातली आहे. करोनानं गावातली माणसं जात होती, मातीला चारच जण जायचे, तेही लांबून. बसायला कोणी कोणाकडे जात नव्हतं. त्या दिवसांत काकाजी प्रत्येक मयताच्या वेळी आपल्या स्लॅबवर चढायचे आणि एकटेच खंजेरी घेऊन भजन म्हणायचे, प्रेत गावाबाहेर जाईपर्यंत. घराघरांत दारं लावून बसलेले लोक ते ऐकायचे. ज्यांची माणसं तेव्हा गेली त्यांच्यातल्या एकानं हे सांगितलं आणि तो पुढं बोलू शकला नाही. त्या उन्हाळ्यात गेलेल्यांची गोष्ट सतरंजीवर कधी सांगितलीच गेली नाही. त्यांचं हे देणं गावावर आहे असं मला मनापासून वाटतं, आणि ते अजूनही फेडता येईल.

आणखी एक मरण आमच्या जिल्ह्याला चिकटलं आहे, त्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. शेतकरी आत्महत्या करतो तेव्हा त्याच्या दारात आधी पंचनामा येतो. सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की सावकाराचं, प्रकरण पात्र की अपात्र. लोक येतात, पण त्यांच्या तोंडीही आकडाच असतो. माझ्या एका मैत्रिणीचे वडील असे गेले. ते उत्तम पोहायचे, त्यांनी गावातल्या कितीतरी पोरांना विहिरीत सोडून पोहायला शिकवलं होतं. त्या तेरा दिवसांत हे कोणी बोललं नाही, सगळे कर्जाबद्दलच बोलले. मैत्रीण आजही म्हणते, "माह्या बापाचं आयुष्य कोनी सांगतलंच नाही." यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्यानं १९ मार्च १९८६ रोजी बायको आणि चार लेकरांसह जीवन संपवलं. गेली काही वर्षं त्या तारखेला शेतकऱ्यांची मुलं जिथं असतील तिथं एक दिवस अन्न घेत नाहीत. मीही घेत नाही. कोणी विचारलं तर सांगते, आणि सांगताना त्या पोहणाऱ्या काकांचंही सांगते.

आता तेरवीबद्दल. गावात दोन बाजू पडल्या आहेत. एक म्हणते, तेरवी झोकात झाली पाहिजे, आलू-वांग्याची भाजी, पोळ्या, बुंदी, अख्खं गाव. दुसरी म्हणते, तिसऱ्याच दिवशी सगळं उरकून टाका, कोणाला वेळ आहे. जेवणाबद्दल मी गाडगेबाबांच्या बाजूची आहे. आमच्याच मुलखातला, १८७६ मध्ये शेंडगावला जन्मलेला हा माणूस २० डिसेंबर १९५६ ला जाईपर्यंत हातात खराटा घेऊन एकच सांगत राहिला की कर्ज काढून सणवार, दिवस करू नका. पोटच्या मुलाच्या मृत्यूची बातमी कीर्तनात कळली तरी त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. तेव्हा जेवण लहान करा, बंद करा, माझी काही हरकत नाही. पण बसणं उरकू नका. बुंदी नसली तरी चालते, चहा नसला तरी चालतो. स्टँडवर फ्लेक्स लागतो, त्यावर फोटो, तारीख, शोकाकुल म्हणून पन्नास नावं असतात, आणि गेलेल्यानं आयुष्यभर काय केलं त्याचा एक शब्द नसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तर हात जोडलेले दोन पंजे आले की संपलं. गाव सोडून गेलेल्या आम्हा लोकांपर्यंत तेवढंच पोचतं. माझ्यासारखी पोरं पुण्याला आहेत, दुबईला आहेत, कॅनडात आहेत. त्यांच्यासाठी सतरंजीवर एक फोन ठेवा. घरच्यांना विचारून ठेवा, कोणी नको म्हटलं तर ठेवू नका.

अक्षय्य तृतीयेला ह्या तिघांच्या घरी पहिल्यांदा त्यांच्या नावाची घागर भरली जाईल. आमरस, कुरडया, वडे होतील. त्या दिवशी वहीतलं सगळं तिन्ही घरांत वाचून दाखवायचं असं दादानं ठरवलं आहे, आणि २०२१ मध्ये गेलेल्यांच्या घरच्यांनाही त्यानं बोलावलं आहे. मी फोनवर असेन.

त्याआधी वहीत एक जागा भरायची आहे. दाईमायचं माहेर कोणालाच माहीत नाही. लग्न होऊन आली तेव्हा ती फार लहान होती. सुनेला एवढंच आठवतं की ती मूर्तिजापूरच्या बाजूची होती आणि पहिल्यांदा सासरी शकुंतला रेल्वेनं आली, दारव्ह्याला उतरून बैलगाडीनं. तिचा एक भाऊ सुरुवातीला भाऊबीजेला यायचा, सोबत ज्वारीचा हुरडा आणायचा, मग येणं बंद झालं. कपाळावर गोंदलेलं होतं आणि डाव्या हातावर तुळशी वृंदावन. कारंजा, मूर्तिजापूर, दारव्हा ह्या पट्ट्यातल्या कोणाच्या घरात आजीच्या किंवा पणजीच्या अशा बहिणीची आठवण असेल, दारव्ह्याकडे दिलेली आणि पुढं सुईणीचं काम करणारी, तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि आम्हाला कळवा. लहानपणी तिला घरात काय म्हणायचे, तेही विचारा.