एकाच सीएचटूच्या सोळा रेघा

पिरंगुटच्या आमच्या लॅबमध्ये त्या दिवशी बेन्झाल्डिहाइडचा डायइथाइल ॲसिटल अडकला होता. हा रेणू म्हणजे मधल्या एका कार्बनवर दोन इथॉक्सी, आणि इथॉक्सी म्हणजे ऑक्सिजन, सीएचटू, सीएचथ्री अशी साखळी. ड्रम भरलेले, गाडी गेटवर, आणि प्रोटॉन एनएमआरच्या, म्हणजे रेणूतला प्रत्येक हायड्रोजन (प्रोटॉन) पीपीएमच्या पट्टीवर कुठे सिग्नल देतो ते दाखवणाऱ्या चाचणीच्या, रिपोर्टवर शेरा: '३.५ ते ३.६५ पीपीएमला जादा सिग्नल. इथेनॉल, ईथरची शक्यता.' शेरा मारणारी मुलगी गणेशखिंडीतून नुकतीच एम.एस्सी. होऊन आलेली, हुशार.

"मॅडम, इथॉक्सीतल्या सीएचटूच्या शेजारी तीन प्रोटॉन, ते त्याचा सिग्नल फोडणार. तीन अधिक एक, म्हणजे चार रेघांचा क्वार्टेट हवा, १:३:३:१. इथे मोजताच येत नाहीत इतक्या रेघा आहेत."

तिचा संशय पोकळ नव्हता. नमुना ज्यात विरघळवतो त्या ड्यूटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये (यात साध्या हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन, म्हणजे ड्यूटेरियम असतो) ईथरचा क्वार्टेट ३.४८ला येतो, इथेनॉलचा ३.७२ला, दोन्ही इथून हाकेच्या अंतरावर. शिवाय हे क्लोरोफॉर्म जुनं झालं की त्यात आम्लाचा अंश उतरतो आणि ॲसिटल नळीतच फुटू शकतो. म्हणून मी आधी १० पीपीएमला पाहिलं. ॲसिटल फुटला असता तर ॲल्डिहाइडचा प्रोटॉन तिथे दिसला असता. बेसलाइन सपाट होती.

मग इंटिग्रेशन, म्हणजे सिग्नलखालच्या क्षेत्रफळावरून प्रोटॉन मोजणं. सीएचटू आणि सीएचथ्री यांचं २:३ प्रमाण बघून इथे काहीच कळत नाही, कारण ईथर असो वा इथेनॉल, इथाइल म्हटलं की ते प्रमाण ठरलेलंच. ताडून बघायचं ते मधल्या कार्बनवरच्या, ५.५०च्या एकट्या प्रोटॉनशी. त्याला १ धरलं, तर सीएचटूचे ४ आणि १.२४च्या ट्रिपलेटचे (सीएचथ्रीच्या तीन रेघांचे) ६. जादा इथाइल कुठेच नव्हतं.

"स्पेक्ट्रम बाजूला ठेव आणि रेणू काढ," मी म्हटलं. "शेजारी मोजण्याआधी एक बघायचं असतं. सीएचटूचे दोन प्रोटॉन आपापसांत सारखे आहेत का?"

"एकाच कार्बनवर आहेत की! आणि रेणूत कायरल सेंटर, म्हणजे चार वेगवेगळे गट धरणारा कार्बन, तोही नाही."

"त्यातल्या एकाच्या जागी ड्यूटेरियम लिही."

तिने लिहिलं आणि पेन तिथेच थांबलं. तो कार्बन कायरल झाला होता. आणि मधला ॲसिटलचा कार्बनही, कारण त्याच्यावरचे दोन इथॉक्सी आता वेगवेगळे झाले होते. दोन सेंटर, म्हणजे डायास्टेरिओमर: जोडणी तीच, पण एकमेकांची आरशातली रूपं नसलेले वेगळे रेणू. याचा अर्थ मूळ रेणूतले ते दोन प्रोटॉन डायास्टेरिओटॉपिक, म्हणजे मुळातच असमान. बंध कितीही वेगाने फिरला तरी त्यांच्यातला फरक पुसला जात नाही. मला या रेणूचं फार कौतुक आहे ते यासाठीच: एकही कायरल सेंटर नसताना हे घडतं.

पुढचं तिनेच मांडलं. दोघांची शिफ्ट (पीपीएमवरची जागा) वेगळी, म्हणून ते एकमेकांनाही फोडणार, साधारण ९.५ हर्ट्झने. मिथिलचे तिघे प्रत्येकाला ७ हर्ट्झने फोडणार. डबलेट ऑफ क्वार्टेट्स: प्रत्येकी आठ रेघा, दोघांच्या मिळून सोळा.

आता स्पेक्ट्रम पुन्हा उघडला आणि तो भाग ताणून घेतला. काही रेघा एकमेकींवर चढलेल्या होत्या, पण ९.५ आणि ७ ही दोन्ही अंतरं पुन्हा पुन्हा सापडत होती. त्याहून बोलकी होती रेघांची उंची. दोन्ही गटांच्या आतल्या बाजूच्या रेघा उंच, बाहेरच्या ठेंगण्या. सिग्नल असे एकमेकांकडे झुकतात ते आपसांत कपलिंग असेल, म्हणजे ते एकमेकांना फोडत असतील, तरच. ईथर आणि इथेनॉल यांचे क्वार्टेट शेजारी येऊन बसले, तरी एकमेकांकडे झुकणार नाहीत.

क्यूसीच्या (गुणवत्ता तपासणीच्या) साहेबांना कागदावर पुरावा हवा होता, आणि त्यांचंही बरोबरच होतं. त्याच नळीवर एचएसक्यूसी लावलं; कोणता प्रोटॉन कोणत्या कार्बनवर बसला आहे ते ते दाखवतं. प्रोटॉनांचे दोन्ही गट ६१ पीपीएमच्या एकाच कार्बनसमोर उमटले. ईथरचा कार्बन ६६ला असता, इथेनॉलचा ५८ला. शेरा खोडून सही झाली, गाडी सुटली.

ती मात्र कागद घेऊन बसूनच होती. "मॅडम, डायमिथाइल ॲसिटल असता तर?"

"तूच सांग."

"मिथिल स्वतःभोवती फिरतो, तिन्ही प्रोटॉन सारखे. शेजारी कुणी नाही. दोन्ही मेथॉक्सी एकमेकांची आरशातली रूपं." तिने ३.३ पीपीएमजवळ एकच उभी रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं: सिंगलेट, सहा प्रोटॉन.