नोकरीच करणार असलेल्या मुलांना उद्योजकता कशाला?

हा प्रश्न मला प्रवेशाच्या वेळी पालक विचारतात, स्टाफरूममध्ये सहकारी विचारतात आणि लग्नकार्यात भेटलेले नातेवाईकही विचारतात. शब्द थोडे बदलतात, रोख तोच असतो: कोल्हापुरातून पदविका घेऊन बाहेर पडणारी तुमची मुले शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात ॲप्रेंटिस म्हणून लागणार, जमले तर पुढे पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यांत जाणार, मग तिसऱ्या वर्षी त्यांना उद्योजकता शिकवून तुम्ही काय साधता? आजवर मी याला उभ्या उभ्या दोन वाक्यांत उत्तर देत आलो. तेवढ्याने कोणाचे समाधान झाले नाही, माझेही नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

विचारणाऱ्यांपैकी बरेच जण पुढच्याच वाक्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव घेतात आणि त्यांना कुठल्या कॉलेजात उद्योजकता शिकवली होती, असे मला ऐकवतात. या युक्तिवादाचा मला राग येतो, कारण लक्ष्मणरावांच्या आयुष्यातला सर्वांत उपयोगी भाग गाळूनच तो करता येतो. रंग नीट ओळखता येत नसल्यामुळे त्यांना जे. जे. मधले चित्रकलेचे शिक्षण सोडावे लागले, ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि मुंबईच्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षक झाले. १८८८ मध्ये बेळगावला सायकलींचे दुकान निघाले तेव्हा ते नोकरीतच होते. ते मुंबईहून सायकली पाठवत आणि बंधू रामूअण्णा त्या बेळगावात विकत. बढतीत डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली. लोखंडी नांगर १९०३ मध्ये आला, लोखंडाने जमीन नासते असे मानणाऱ्या शेतकऱ्यांना तो पटवावा लागला आणि किर्लोस्करवाडी उभी राहायला १९१० उजाडले. म्हणजे शिकवण्याच्या विरोधात ज्यांचे उदाहरण दिले जाते ते स्वतः शिक्षक होते, आणि धंद्याचे पहिले धडे त्यांनी पगारी नोकरीत राहून गिरवले होते.

शिकवून खरोखर फरक पडतो का, हेही आपल्या देशात फार पूर्वी तपासले गेले आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४ मध्ये आंध्रातल्या काकीनाडा शहरातल्या छोट्या व्यावसायिकांना हैदराबादच्या एका संस्थेत थोड्या दिवसांचे प्रशिक्षण दिले, आणि नंतरच्या पाहणीत हे लोक प्रशिक्षण न घेतलेल्यांपेक्षा अधिक धडपड करताना दिसले. १९८३ मध्ये स्थापन झालेली अहमदाबादची उद्योजकता विकास संस्था आणि १९८८ पासून काम करणारे आपले महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र यांच्या वर्गांवरही त्या कामाची छाप आहे.

मॅक्लेलंड यांनी वापरलेला रिंग फेकण्याचा खेळ मी वर्गात घेतो. जमिनीवर खुंटी ठेवायची आणि हवे तितक्या अंतरावरून रिंग टाकायची. अंतर जितके जास्त तितके गुण जास्त. त्यांचे म्हणणे असे की ज्याला खरोखर काही साधायचे असते तो खुंटीला चिकटूनही उभा राहत नाही आणि नशिबावर हवाला ठेवून भिंतीपाशीही जात नाही, तर नेम साधेल पण सहजासहजी साधणार नाही असे मधले अंतर निवडतो. वर्गात बहुतेक वेळा हे दिसतेही. मग मी नियम बदलतो आणि प्रत्येकाला खिशातले दहा रुपये लावायला सांगतो, चुकले तर गेले. (खेळ संपल्यावर पैसे परत मिळणार आहेत, हे आधी सांगत नाही.) तेव्हा कोण कुठे सरकतो ते पाहण्यासारखे असते. ज्याच्या वडिलांची फौंड्री आहे तो जागचा हलत नाही. पहाटे घरोघरी दूध टाकून कॉलेजला येणारा मुलगा मुकाट्याने दोन पावले पुढे येतो. या मुलात जिद्द कमी आहे असे म्हणायला मी तयार नाही. चुकलेली रिंग त्याला महाग पडते, आणि हे त्याला माझ्यापेक्षा चांगले कळते.

माझे बहुतेक विद्यार्थी या दुसऱ्या मुलासारखे असतात. म्हणूनच मी इंट्राप्रेन्युअरशिपला, म्हणजे दुसऱ्याच्या कारखान्यात नोकरी करताना आपल्या पुढाकाराने नवे काही उभे करण्याला, सर्वांत जास्त तास देतो. भांडवल कंपनीचे, यंत्रे कंपनीची, पगार चालू, डोके तेवढे आपले. गिफर्ड आणि एलिझाबेथ पिंचो यांनी १९७८ मध्ये ही कल्पना मांडली. उदाहरण म्हणून मी अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीच्या पोस्ट-इटची, म्हणजे चिकटवून सहज काढता येणाऱ्या चिठ्ठ्यांची, हकीकत सांगतो: स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये जेमतेम चिकटणारा डिंक सापडला, त्याचे करायचे काय हे कोणाला कळेना, चर्चमधल्या गीतपुस्तकातून खुणेचे कागद सारखे गळून पडतात म्हणून वैतागलेल्या आर्ट फ्राय यांना १९७४ मध्ये त्याचा उपयोग सुचला, आणि १९८० मध्ये त्या चिठ्ठ्या अमेरिकाभर विक्रीला आल्या. पिंचो यांच्या दहा नियमांतला पहिला नियमही मी पूर्वी फळ्यावर लिहीत असे: आज आपल्याला काढून टाकतील, अशी तयारी ठेवूनच रोज कामावर जा. मुलांना तो फार आवडायचा. मलाही आवडायचा.

माझा एक विद्यार्थी बिडाच्या कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, मशिनिंग करणाऱ्या कारखान्यात ट्रेनी म्हणून लागला. तिथे व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनवर वाहनाच्या एका भागाचे बोअरिंग चाले, आणि बोअर, म्हणजे कोरलेले भोक, काटकोनात बसला नाही म्हणून प्रत्येक पाळीत काही नग रिजेक्ट होत. ऑपरेटर एअर गनने हवा मारून पूड नीट उडवत नाही, असे सगळे म्हणत. या मुलाने वहीत नोंदी ठेवायला सुरुवात केली: नग कुठल्या तासाला गेला, कुठल्या फिक्स्चरवर (नग पक्का धरून ठेवणाऱ्या साच्यावर) गेला, तो काढल्यावर पॅडवर काय दिसले. कास्टिंग ज्या पॅडवर टेकते ते रुंद आणि सपाट होते; कूलंटमध्ये भिजलेली बिडाची बारीक पूड त्यावर लेपासारखी बसे, हवेने उडत नसे, आणि पुढचा नग केसभर कलून क्लॅम्प होई. पॅडला आडवे चर मारले तर पुडीला निघायला वाट मिळेल, हे त्याच्या लक्षात आले. त्याने टूलरूमच्या मिस्त्रींना पटवले, रात्रपाळीत एका फिक्स्चरच्या पॅडना चर मारून घेतले, शेजारचे फिक्स्चर जसेच्या तसे ठेवले आणि आठवडाभर दोन्हींवरचे रिजेक्शन मांडले. माझ्या वर्गात शिकवली जाणारी पद्धत हीच आहे. प्रयोग लहान ठेवा, खर्च जवळजवळ होऊ देऊ नका, आधीचे आणि नंतरचे आकडे हातात असल्याशिवाय वरिष्ठांकडे जाऊ नका. चर मारलेल्या फिक्स्चरवरचे रिजेक्शन जवळपास थांबले.

वही घेऊन तो क्वालिटीच्या साहेबांकडे गेला. आकडे पाहण्याआधी त्यांनी विचारले की फिक्स्चरला हात लावायची परवानगी कोणी दिली. वाहन उद्योगाला माल पुरवणाऱ्या कारखान्यात ग्राहकाने मंजूर केलेल्या प्रक्रियेत परस्पर बदल करता येत नाही. तो कळवावा लागतो, त्याची नोंद ठेवावी लागते, गरज असेल तिथे मंजुरी नव्याने घ्यावी लागते, कारण उद्या एखाद्या भागात दोष निघाला तर कोणत्या तारखेपासून काय बदलले हे सांगता आले पाहिजे. इथे आठवडाभराचा माल नोंद नसलेल्या फिक्स्चरवरून निघाला होता आणि त्यातला काही रवानाही झाला होता. मिस्त्रींना मेमो मिळाला. मुलाला महिनाअखेरपासून येऊ नकोस म्हणून सांगण्यात आले. पुढे त्याच कारखान्यातल्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याकडून मला कळले की रीतसर मंजुरी घेऊन तिथल्या सगळ्या पॅडना चर मारले आहेत.

तो मला भेटायला आला तेव्हा चिडलेला नव्हता. त्याने वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "सर, तुम्ही शिकवलं होतं तसंच केलं. तुम्ही एकदा बघा, कुठं चुकलंय का." मी एकेक पान पाहिले. तारीख, पाळी, नगाचा क्रमांक, शेरा, पॅडची हाताने काढलेली आकृती. वर्गात कोणी मला अशी वही दिली असती तर मी पूर्ण गुण दिले असते. घरच्यांनी पतसंस्थेकडून घेतलेल्या कर्जाचा हप्ता त्याच्या विद्यावेतनातून जात होता, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. आता तो दुसऱ्या कारखान्यात कायम झाला आहे. मध्यंतरी फोनवर मी विचारले की तिथे काही नवे करतोस का, तर म्हणाला, "नाही सर. सांगितलं तेवढंच करतो."

तुमच्यातले काही जण म्हणतील, म्हणूनच तर आम्ही विचारत होतो. हे मला मान्य नाही. त्या मुलाने तासचे तास मशीनपाशी उभे राहून जे शोधले ते त्या कारखान्यात त्याच्याआधी कोणी शोधले नव्हते, आणि नोंदी ठेवून शोधायची सवय त्याला आमच्या वर्गात लागली. पूर्वीचा मी एवढे बोलून थांबलो असतो आणि कंपनीला बुरसटलेली ठरवून मोकळा झालो असतो. आज मला तसे म्हणवत नाही, कारण मंजूर प्रक्रियेची शिस्त सुटली तर ते रस्त्यावरच्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. पण मग त्याने आधी परवानगी मागायला हवी होती, असे ठामपणे सांगणेही मला जमत नाही. आकड्यांशिवाय ट्रेनीचे कोणी ऐकत नाही, आणि आकडे मिळवायचे तर फिक्स्चरला हात लावावा लागतो. थ्रीएममध्ये तंत्रज्ञांना कामातला १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांवर घालवायची मुभा दिलेली आहे. फ्राय यांच्या पाठीशी ती होती, माझ्या विद्यार्थ्याच्या पाठीशी मिस्त्री होते.

पिंचो यांचा तो नियम मी आता फळ्यावर लिहीत नाही. सरस सरस्वती या मूळच्या भारतीय संशोधिकेने २७ अनुभवी उद्योजकांच्या विचारपद्धतीचा अभ्यास करून २००१ मध्ये मांडणी केली; त्यातले एक सूत्र असे की मुरलेला उद्योजक किती मिळेल याच्या आधी किती गमावणे आपल्याला परवडेल हे ठरवतो. मुलांकडून मी हेच लिहून घेतो: फसले तर तुझे काय जाईल, मिस्त्रींचे काय जाईल, चाचणीच्या कागदावर सही कोण करील. कॅम्पस मुलाखतींना येणाऱ्या कंपन्यांनाही विचारतो की ट्रेनीला काही सुचले तर चाचणीची परवानगी कोणी द्यायची. बहुतेक जण सूचनापेटी आणि कायझेनच्या, म्हणजे छोट्या छोट्या सुधारणांच्या, फलकाबद्दल बोलतात.

यंदा एका मुलीने प्रशिक्षणाच्या ठिकाणी सुचलेल्या सुधारणेचा हिशेब मांडून अहवालाच्या शेवटी लिहिले की, मी कायम होईपर्यंत हा प्रस्ताव पुढे नेणार नाही. तोंडी परीक्षेला आलेल्या बाह्य परीक्षकांनी विचारले, यात उद्योजकता कुठे आहे? मुलांना तुम्ही भीती शिकवता आहात, असेही ते मला म्हणाले. हाच आरोप पूर्वीच्या मीही माझ्यावर केला असता, आणि तो पूर्णपणे खोटा आहे असे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. तरी मी त्यांच्याशी बराच वाद घातला. तिचे गुण वाढले नाहीत. तिचा अहवाल मी पुढच्या वर्गाला वाचायला दिला आहे, पॅडच्या त्या वहीच्या छायाप्रतीबरोबर, आणि दोघांपैकी कोणाचे बरोबर हे त्यांना लिहून आणायला सांगितले आहे.